गेटाबाहेर काढलेल्या बांगड्या

पिंपरी-चिंचवड पाहायला म्हणून कोणी जात नाही. तिथे लोक कामाला जातात, नाहीतर कामाला गेलेल्या आपल्या माणसांकडे जातात. मी गेलो तो उषाच्या ऐवजी. परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत, तेव्हा मला पटकन काही सांगता आलं नाही. म्हणून हे सावकाश लिहितो आहे.

उषा माझी बायको. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती अर्थशास्त्र शिकवायची. मी तिथेच ग्रंथपाल होतो. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. बेकारीचा धडा आला की ती फळ्यावर देशाचा नकाशा काढायची आणि ज्या राज्यात बायकांची बेकारी जास्त, तिथे लाल खडू भरायची. ग्रंथालय त्या वर्गाला लागूनच होतं आणि मधलं दार उघडं असायचं, त्यामुळे मला सगळं दिसायचं. केरळ लाल व्हायचं. बिहार जवळजवळ कोरा राहायचा. मग ती महाराष्ट्र मोठा करून काढायची, आणि तिथेही मोठ्या शहरांच्या बाजूला खडू जास्त झिजायचा, खेड्यापाड्यांच्या बाजूला कमी. मुली खूश व्हायच्या.

"म्हणजे बाई, आपल्याकडं बरं आहे की!"

"तुझी आई काय करते?" उषा विचारायची.

"काही नाही बाई. घरीच असते."

"आज सकाळी कुठे होती?"

"कापूस वेचायला."

मग उषा हातावरचा खडू झटकत म्हणायची, "बेकार ठरायला आधी काम मागावं लागतं. जिथे कोणी मागतच नाही, तिथला नकाशा कोरा राहतो." हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं की पुस्तकांवर शिक्के मारता मारता ते तिच्या आधी ओठातल्या ओठात म्हणायचो.

शुभांगी ही तिची लाडकी विद्यार्थिनी. जिंतूरकडच्या एका खेड्यातली. लग्न झालं आणि ती थेट तळवड्याला गेली, कारण नवरा गणेश तिकडच्या कारखान्यात होता. पुढे तीही चाकणच्या एका कंपनीत लागली. मोटारींमध्ये वायरींची जी जुडगी बसवतात, ती तयार करण्याच्या कामावर. एकदा तिचा फोन आला. उषा आजारी होती, पण हसायला लागली आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून शुभांगी सांगत होती, "बाई, मला कंपनीनं ब्रेक दिलाय. मी बेकार झाले! तुमच्या नकाशात मला लाल खडू लावा."

त्या महिन्यांत उषाला इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. "बरी झाले की जाऊ आपण चाकणला," ती म्हणाली. "मला माझा लाल खडू बघायचाय."

ते राहून गेलं. आणखीही एक राहून गेलं होतं. लग्न झालेली विद्यार्थिनी पहिल्यांदा भेटायला आली की उषा तिला हिरव्या बांगड्या भरायची. शुभांगी परभणीला अशी आलीच नाही, म्हणून तिच्या बांगड्या राहिल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी मी उषाच्या नेहमीच्या कासाराकडे गेलो.

"कोणत्या मापाच्या देऊ सर?" त्यानं विचारलं.

मला एकच माप माहीत होतं. तेच सांगितलं.

वाकड

उतरलो वाकडला, मेधाकडे. मेधा माझ्या बहिणीची मुलगी. तिचं घर इतकं वर आहे की गच्चीतून खालच्या मोटारी नुसत्या दिसतात, ऐकू येत नाहीत. थंडीचे दिवस होते. सकाळी धुक्यातून महामार्गावरचे दिवे लांबच लांब सरकत होते, आणि मला उगाच वाटून गेलं की उषा असती तर शाल गुंडाळून इथेच उभी राहिली असती आणि चहा गार केला असता.

पहिल्याच दिवशी मी चुकीच्या मजल्यावर उतरलो. सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. घंटा वाजवली. कानात काहीतरी अडकवलेल्या एका बाईंनी दार उघडलं, "एक मिनिट हं, कॉलवर आहे," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मीही तिथे उभा राहिलो. आमच्याकडे कोणी थांबा म्हटलं की माणूस थांबतो. बऱ्याच वेळानं मेधा मला शोधत जिन्यानं खाली आली आणि पोट धरून हसली.

जेवताना म्हणाली, "मामा, सध्या काय करतेस, हा प्रश्न सोडून काहीही विचारा."

"मग काय विचारू?"

"पोळ्या कोण करतं ते विचारा."

"कोण करतं?"

"रहाटणीहून एक ताई येतात. या घरातल्या बायकांत सध्या त्यांचंच एकटीचं करिअर चालू आहे."

पोळ्या खरोखर चांगल्या होत्या. मेधा संगणकातली अभियंता. मुलगी झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली, आणि याला ती 'करिअर ब्रेक घेतलाय' असं म्हणते. शुभांगीनंही ब्रेकच म्हटलं होतं, ते मला आठवलं. मी मेधाला शुभांगीचा ब्रेक समजावून सांगितला: कंत्राटावरच्या माणसाला काही महिने झाले की कंपनी घरी पाठवते, मग पुन्हा बोलावते, किंवा बोलावत नाही. मेधानं घास हातातच धरून ऐकलं.

"म्हणजे तिला देतात आणि मी घेतला. शब्द एकच."

"तू घेतलास ना पण?"

"असं म्हणतात, मामा. सगळेच असं म्हणतात." तिनं घास ताटात परत ठेवला. "सुरुवातीला अर्ज करायचे. मुलाखतीत प्रत्येक जण मधल्या रिकाम्या वर्षांबद्दलच विचारायचा. मग सोडून दिलं. मामीनं मला लाल खडू लावला असता का हो?"

"अर्ज करत होतीस तोवर लावला असता."

"आणि आता?"

मी ताटातली पोळी मोडत राहिलो.

"कोरी," ती स्वतःच म्हणाली आणि मुलीच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

संध्याकाळी खाली बागेत गेलो. मुलांना खेळवणाऱ्या बायका होत्या, पण एकमेकींपासून लांब लांब, आपापल्या फोनपाशी. परभणीत आमच्या गल्लीत या वेळी ओट्यावर बायकांचं एक मोठं मंडळ भरतं, आणि त्यातलीही प्रत्येक जण विचारलं तर सांगेल, काही नाही, घरीच असते. इथल्यांचं शिक्षण खूप जास्त, घरं खूप उंच. उत्तर मात्र तेच येईल असं मला वाटलं. फक्त इथे ते विचारायला कोणी ओट्यावर बसत नाही.

तळवडे

दुसऱ्या दिवशी बांगड्यांचा डबा घेऊन तळवड्याला गेलो. एका बाजूला काचांच्या मोठ्या इमारती आणि त्यांच्या पाठीला पत्र्याच्या शेड्स, अशी ती वस्ती आहे. शेडमधून लोखंड कापल्याचा आवाज येत राहतो. रस्त्यावर ऑईलचा वास. टेम्पोतून पत्र्याच्या पट्ट्या हलत जातात, आणि मध्येच एखाद्या मोकळ्या तुकड्यात कोणीतरी अजून मेथी लावलेली दिसते.

शुभांगीची खोली एका लांबलचक चाळवजा रांगेत होती. रांगेच्या तोंडाशी खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. हातात सोन्याच्या जाड पाटल्या, आणि पुढ्यात रंगाच्या रिकाम्या डब्यांत कोथिंबीर, लसूण, दोन वांग्याची रोपं.

"कोन पाव्हनं म्हनायचं?"

मी सांगितलं.

"परभनीचं व्हय! बसा. ती पानी भरतीया. मी हौसाबाई. या खोल्या आमच्याच. आन् ह्यो रस्ता, त्यो कारखाना, समदं आमचं रान व्हतं." तिनं हातानं सगळं तळवडे दाखवलं. "ज्वारी, हरभरा. बारा महिने काम. आता बगा, काम करायला ह्ये डबं राह्यलं."

"आता आराम आहे म्हणा," मी म्हणालो.

"कसला आराम वो? मागं मान्सांच्या मोजनीवाली पोरगी आली व्हती. इचारती, आजी, काम काय करता? म्या म्हनलं, बसती. ती म्हनली, बसायचं काम न्हाई लिवता येत." हौसाबाई हसली, आणि मग बोट ओल्या मातीत खुपसून लसणाच्या पातीभोवतीची माती उगाच सारखी करत राहिली.

तेवढ्यात शुभांगी आली. बादली खाली ठेवून धावतच आली. "काका! खरंच यायलात हे मला खरं वाटंना गेलं होतं." ती पाया पडली, उठली, आणि माझ्या मागे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं हे तिला माहीतच होतं. तरी पाहिलं. मीही हल्ली तसं पाहतो.

खोलीत तिची सासू होती. गावाकडून आलेली, काटक, बोटांच्या टोकांना कापसाच्या बोंडांनी ओरखडे पाडलेले. "कवा आलाव?" म्हणून तिनं पाटावर बसवलं आणि धपाटे वाढायला घेतले. येसराची आमटी होती. किती दिवसांनी त्या मसाल्याचा वास आला. गणेश पहिल्या शिफ्टला गेला होता, खुंटीवर त्याची दुसरी पँट होती, आणि भिंतीला टेकून दोघांच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. एवढंच ते घर. पण कोपऱ्यात चूल-भांडी इतकी घासलेली की त्यांच्यात आमची तोंडं दिसत होती.

खाता खाता मला परिस्थिती कळली. शुभांगीला पुन्हा ब्रेक दिलेला होता. ठेकेदाराच्या फोनची ती रोज वाट पाहत होती. सासू येत्या रविवारी परत जाणार होती, आणि ठरलं असं होतं की तोवर बोलावणं आलं नाही तर शुभांगीनं तिच्यासोबत गावी जायचं. मग ही खोली सोडायची, आणि गणेशनं कंपनीतल्या पोरांबरोबर राहायचं.

"मला काय हौस आहे का हिला न्यायची?" सासू म्हणाली. "कापूस फुटून पांढरा झालाय. वेचायला बाई मिळंना. माझ्या एकटीच्यानं होईना आता, दादा. गुडघे धरायलेत."

"परवा मी फोन केला होता," शुभांगी म्हणाली. "ते म्हणाले, ब्रेक वाढलाय."

आता काय बोलावं, असा विचार करत मी डबा पुढे केला. "बाईंच्या राहिल्या होत्या."

डबा उघडला. शुभांगी बांगड्यांकडे पाहत राहिली. सासूचा चेहरा मात्र उजळला. आणि दारात येऊन उभी राहिलेली हौसाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आरं देवा! पाव्हन्यांनी डब्यात घालून ब्रेकच आनला की!"

मला काही कळेना. मग शुभांगीनंच हसून सांगितलं. कंपनीत लाईनवर बांगडी चालत नाही. काच फुटली, तुकडा मालात गेला, तर सगळा माल परत. म्हणून कामावर जाणाऱ्या बायकांचे हात मोकळे असतात. आणि ब्रेक दिला की त्या पुन्हा बांगड्या भरतात.

"हात बगितला की आमाला कळतं," हौसाबाई म्हणाली. "कोन कामावं हाय आन् कोन घरी. मोजनीवालीला काय कळतं त्याच्यापरीस आमाला लवकर कळतं. ही इतके दीस ब्रेकवर हाय, पर हात मोकळाच ठिवला. म्हनती, फोन येनार हाय."

मी डबा परत घ्यायला हात पुढे केला. सासूनं तो आधीच आपल्याकडे ओढला होता. "शुभ असतंय ते. नाही म्हणू नये. देवानंच धाडलं तुम्हाला. हात दे गं."

शुभांगीनं हात दिला नाही. सासूनं एक बांगडी स्वतःच्या तळहातावर धरून मापली. "लई बारीक माप आणलंव की. हिच्या हाताला कसं व्हायचं?"

"माप उषाचं आहे," मी म्हणालो. "मला दुसरं ठाऊक नव्हतं."

मग शुभांगीनं हात पुढे केला, बोटं जुळवून, अंगठा आत दुमडून. "भरा आई. बाईंच्या मापाच्या आहेत."

सासूनं तेल लावून एकेक बांगडी चढवली. दर वेळी अंगठ्याच्या हाडापाशी ती अडायची, शुभांगी डोळे मिटायची, आणि मग बांगडी मनगटावर येऊन पडायची. सगळ्या भरून झाल्यावर शुभांगीनं हात हलवून वाजवून पाहिले. आमच्या घरात तो आवाज स्वयंपाकघरातून यायचा. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

निघताना ती रांगेच्या टोकापर्यंत आली. "गावाकडं गेले की परत येणं होत नाही, काका. तिथं काम लई आहे. इथल्यापेक्षा जास्तच. पण तिथं मला कोणी बोलवत नाही. बोलवायचा प्रश्नच नाही, मी तिथं असतेच. इथं निदान गेटवरून माझं नाव घेऊन हाक मारतात." मग म्हणाली, "बाई म्हणायच्या ना, कोरा नकाशा. मला परत त्याच्यात जायचं नाही."

"आणि मी बांगड्या आणल्या."

"तुम्ही चांगलं केलं की वाईट, ते फोन आल्यावर ठरवू," ती म्हणाली आणि हसली.

चाकण

शनिवारी सकाळीच तिचा फोन. "काका, ठेकेदारानं गेटवर बोलवलंय. जागा थोड्या आहेत, हात धड आहेत का ते बघून घेणार आहेत. यायचं का तुम्हाला? बाईंना बघायचं होतं ते तुम्ही तरी बघा."

मी तळवड्याला पोचलो तेव्हा ती दारात तयार होती आणि बांगड्या अजून हातात होत्या. सासूनं काढू दिल्या नव्हत्या. "घरातून भरल्या हातानं जायचं," ती चुलीपाशी बसून म्हणाली. "तिथं गेल्यावर काय करायचं ते कर. माझ्या डोळ्यांदेखत नको."

चाकणचा रस्ता म्हणजे ट्रकांची रांग. एकेका लांब गाडीवर नव्या कोऱ्या मोटारी मेंढरांसारख्या दाटीनं उभ्या. आमची रिक्षा त्यांच्या चाकांमधून वाट काढत होती. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, त्यांच्या पलीकडे भामचंद्राचा डोंगर निळा आणि शांत. बाजाराच्या बाजूनं कांद्याचा वास आला, आणि मग दोन कंपन्यांच्या मध्ये अडकलेलं ज्वारीचं एक लहानसं शेत दिसलं. कणसं भरत आलेली. आम्ही दोघंही मान वळवून ते मागे जाईपर्यंत पाहत राहिलो. परभणीच्या माणसाला ज्वारी कुठेही दिसली तरी आपल्या घरचं कोणी दिसल्यासारखं होतं.

गेटासमोर चहाची टपरी होती, तिथे थांबलो. कंपनीच्या बसेस येत होत्या आणि त्यांतून बायका उतरत होत्या. कोणी कोकणातल्या, कोणी विदर्भातल्या, कोणी आमच्याकडच्या. बोलण्यावरून ओळखू येत होत्या. बसच्या पायरीवरच कित्येक जणी बांगड्या उतरवून कापडी पिशवीत टाकत होत्या आणि मंगळसूत्र कॉलरच्या आत सारत होत्या. बघता बघता माझ्यासमोरून मोकळ्या हातांची एक लांब रांग गेली.

आमच्याकडे बाईच्या मोकळ्या हाताला एकच अर्थ आहे. माझ्या धाकट्या मावशीचे हात मी लहानपणी तसे पाहिले होते आणि त्यांच्याकडे पाहायचं टाळत मोठा झालो होतो. इथे त्याच मोकळ्या हाताचा अर्थ असा की या बाईला आत बोलावलं आहे. त्या हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, उशीर होतोय म्हणून पळत होत्या. बायको गेलेल्या पुरुषाच्या अंगावर कसलीच खूण नसते. मला तिथे उभं राहून पहिल्यांदाच असं वाटलं की असायला हवी होती.

शुभांगीच्या बांगड्या निघेनात. चढवताना तेल होतं, आता नव्हतं. टपरीवाल्यानं भांड्याचा साबण दिला. तिच्या जुन्या लाईनवरच्या दोघी धावून आल्या.

"काहून वं एवढ्या बारीक घातल्या?" विदर्भातली म्हणाली. "लग्नात तरी एवढ्या घट्ट होत्या काय?"

"हातार पिशवी घाल गो, पिशवी," कोकणातली म्हणाली. तिनं प्लॅस्टिकची पिशवी शुभांगीच्या हातावर चढवली आणि त्यावरून एकेक बांगडी सरकवू लागली. उजवा हात मोकळा झाला. डावाही होत आला. शेवटची बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली, गेटवरून हाक आली, शुभांगीनं घाईनं ओढली, आणि कट् आवाज आला.

"वाढली," तिघी एकदमच म्हणाल्या.

बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही. वाढली म्हणतो. जे हातचं गेलं, ते वाढलं म्हणायची आपली रीत. उषानं हे वर्गात कसं सांगितलं असतं, ते मला ऐकू आल्यासारखं झालं.

"आता ब्रेक पण वाढतोय बघ तुझा," विदर्भातली बोलून गेली, आणि मग कोणीच हसलं नाही. कारण पिशवीतून रक्त दिसत होतं. हाताच्या पाठीवर बारीकशी चीर. पण आज हातच बघणार होते.

"पट्टी नको लावू. पट्टी दिसली की विचारतात." कोकणातलीनं टपरीवरची चहापूड चिमटीत घेऊन चिरेवर दाबून धरली. मी रुमाल पुढे केला. शुभांगीनं तो घेतला, पण हाताला गुंडाळला नाही. त्यात बांगड्या ठेवल्या आणि गाठ मारून माझ्या हातात दिला. "धरा, काका." मग ती रांगेत गेली.

मी जाळीपाशी जाऊन उभा राहिलो. एक सुपरवायझर बाई प्रत्येकीचे हात पुढून-मागून पाहत होती. तिचेही हात मोकळे. शुभांगीची पाळी आली. तिनं हात उलटे केले.

"हे काय लागलंय?"

"बांगडी वाढली, मॅडम. आत्ताच. काढताना."

"इतक्या घट्ट कुणी भरल्या?"

शुभांगीनं जाळीकडे पाहिलं. "माझ्या बाईंनी," ती म्हणाली. "कॉलेजातल्या."

सुपरवायझरनं तिचा हात जवळ घेतला, चिरेवरची चहापूड अंगठ्यानं बाजूला केली, रक्त थांबलंय का ते पाहिलं. मग हात सोडून ती म्हणाली, "नाव सांग. आणि तुझ्या बाईंना सांग, पुढच्या वेळी मोठं माप घ्यायचं."

"सांगते," शुभांगी म्हणाली आणि आत गेली.

गेट लागलं. मी टपरीवर बसून राहिलो. पुस्तक पिशवीत होतं, ते उघडलं नाही. डोंगरावर ऊन सरकत होतं, कांद्याचा वास येत होता, रुमालातल्या बांगड्या मांडीवर होत्या आणि मी हललो नाही म्हणजे त्या वाजणार नाहीत, एवढंच सांभाळत होतो.

जेवणाच्या सुट्टीला ती बाहेर आली. गळ्यात नवं कार्ड. "सोमवारपासून पहिली शिफ्ट. नवी लाईन आहे." बोलताना ती कार्ड सारखं उलटंसुलटं करत होती. "काही महिन्यांनी परत ब्रेक देतीलच. पण सोमवारपासून आहे."

मी रुमाल पुढे केला. तिनं तो माझ्या मुठीत परत दाबला.

"तुमच्यापाशीच राहू द्या, काका. इथं ठेवल्या तर आई रोज डबा उघडून बघतील, आणि मीही बघीन. परत ब्रेक दिला की फोन करते. तुम्ही घेऊन या."

परत

सासू रविवारी एकटीच निघाली. मी सोडायला गेलो होतो. शुभांगीचा मोकळा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि चिरेवरून आपली ओरखडलेली बोटं फिरवली. "कापूस राहील थोडा झाडावर," ती म्हणाली. "राहू दे. मागं पण राहिलाय कवा कवा." बसमध्ये चढताना मला म्हणाली, "तुमच्या बाईनं हिला लई शिकवलं, दादा." त्यात राग किती आणि कौतुक किती, हे मला ठरवता आलं नाही. मी विचारलं, गावाकडे आता एकट्या काय कराल? खिडकीतून उत्तर आलं, "काय करायचंय? घरीच असते की."

रात्रीची गाडी होती, म्हणून संध्याकाळी वाकडला येऊन सामान आवरलं. मेधा लॅपटॉप उघडून बसली होती. काय करतेस, असं मी विचारलं नाही. तो एक प्रश्न सोडून काहीही विचारायची मला परवानगी होती. म्हणून विचारलं, "आज पोळ्या कोण करणार?"

"आज बाहेरून मागवू, मामा. मला एक अर्ज पाठवायचाय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

परभणीला आलो. कासाराच्या दुकानावरून जाताना त्यानं हाक मारली, "सर, माप बरोबर बसलं का?"

"बसलं," मी म्हणालो.

बांगड्यांची गाठ उषाच्या कपाटात ठेवली आहे, तिच्या शालीखाली. एक कमी आहे. शुभांगीला ब्रेक मिळू नये, असं मला मनापासून वाटतं. वाढू तर मुळीच नये. पण तिचं नाव फोनवर उमटलं की तो उचलण्याआधी माझी नजर त्या कपाटाकडे जाते.